बंद नाकाने सर जाहलेल्या साराची हकीकत

वाचणारांनी चित्त थारी ठेवावे, नाक शाबूत असेल तर दैवास दुवा द्यावा, मग पुढील मजकूर ध्यानी आणावा.

डोंगराचे कुशीत, ऊन पाण्याचे झऱ्यावर, होशिगावा नामे सराई. तेथील मुदपाकखान्याचे सरलष्कर कुरामोची तेत्सुझो, वय बासष्ट, सुरीचे धनी, चार आचाऱ्यांवर हुकमत, आणि जबान बहुत तिखट. त्यांचे नितळ साराची कीर्ति तोक्योपर्यंत गेली होती. परंतु एक शल्य उरी होते. किताझावाबाई म्हणून निवृत्त शिक्षिका, वय शहाऐंशी, दर पानगळीस सराईत मुक्काम करीत, आणि सात साले वाडग्यात अर्धे सार टाकून परत धाडीत. वाढपियाने कारण पुसता 'ठीक आहे' इतकाच जबाब येई. त्या 'ठीक'ने सरलष्करांची झोप हराम जाहली होती.

ऐशियांत आठवे साली पानगळीत, बाई मुक्कामास असता, सराईस शंभर वर्षे पुरी जाहली, आणि मालकीणबाईंनी साठ पाने मांडावी ऐसा हुकूम केला. त्याच दिवशी प्रातःकाळी सरलष्करांस सर्दीने घेरिले. नाकाचे दोन्ही दरवाजे बंद जाहले, सुक्या मासळीचा कीस ऊन पाण्यात पडला तरी वास नाही, आणि जिभेस मीठ नि साखर एकच. मग त्यांनी आल्याचा काढा घेतला, आणि वाफ घेतली, आणि वसाबीचे झणझणीत चटणीचा गोळा गिळिला. डोळ्यांस धारा लागल्या, परंतु नाक काही शरण येईना. मग आचाऱ्यांस चाखावयास दिले, तर चौघेही धाकाने 'उत्तम, उत्तम' म्हणो लागले. चार पातेल्यांत चार तऱ्हेचे सार, आणि चारही उत्तम! तेव्हा सरलष्करांस उमगले की, आपण दरडावून तमाम मुदपाकखाना मुका केला, आणि या सराईत खरे बोलणारी जीभ एकच उरली, ती गनिमाची.

मग डोईचा पांढरा फडका काढून हाती घेतला, आणि बाईंचे दालनी जाऊन चटईस कपाळ टेकिले.

"बाई, मला आज कशाचीच चव कळत नाहीये. तुम्ही चाखून सांगाल का? फक्त ठीक आहे म्हणू नका."

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "सात वर्षं वाट बघतेय, तू स्वतः येऊन विचारशील म्हणून. चल, ऊठ."

बाई मुदपाकखान्यात तिपाईवर बसल्या, आणि फर्माने सुटो लागली. पहिले पातेले खारट. दुसऱ्यात समुद्रपाला फार उकळिला. तिसरे भित्रे. चौथ्यात लिंबाची साल इतकी की बाकी कोणी बोलो शकत नाही. ज्यांनी उभ्या जन्मी कोणाचे ऐकिले नाही, ते सरलष्कर 'हो बाई' म्हणत पळी हालवीत राहिले. मग पाचवे पातेले चढले. बाईंनी घोट घेतला, मग दुसरा घेतला, मग वाडगा तळापर्यंत रिता करून आणिक मागितले.

सायंकाळी साठ पाने तृप्त होऊन उठली. मालकीणबाईंनी सरलष्करांस रेशमी वस्त्र दिले, ते त्यांनी लवून घेतले आणि तेथेच विसरले. कारण बाईंनी चिटोऱ्यावर 'शंभरपैकी ब्याऐंशी' ऐसे लिहून दिले होते, आणि तो कागद भेटेल त्यास दाखवीत, शिंकत शिंकत, ते सारी सराई दोन वेळा फिरले. ऐशी होशिगावाची फत्ते दस्तुरखुद्द बाईंचे लाल शाईने शाबीत जाहली.