पहले गलती दाखवा

इंदूरला पलासियाच्या चौकात ट्रॅफिक पोलिसाने सायकल अडवली की माणसं खाली उतरतात आणि गयावया करतात. आमचे शेजारी वानखेडेकाका सीटवर बसूनच एक पाय जमिनीला टेकत आणि सुनावत, "पहले गलती दाखवा, मग थांबवा!" पोलीस बिचारा सायकलभोवती फिरून गलती शोधायचा. तोवर मागे टेंपोंची रांग लागायची.

हे वाक्य काकांनी कोणाला ऐकवलं नाही? शेवेचा डबा उचलून नेणाऱ्या काकूंना ऐकवलं, ऐन मॅचमध्ये गेलेल्या विजेला ऐकवलं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत त्यांना वगळून जिलबी पुढे नेणाऱ्या वाढप्याला हात धरून ऐकवलं.

त्याचं मूळ कापडाच्या मिलमध्ये होतं. काकांनी छब्बीस वर्षं तिथले माग सांभाळले. ताण्याचा एखादा उभा धागा तुटला की त्याच्यावर लटकलेली लोखंडी पत्ती खाली पडते आणि माग थांबतो. पडलेली पत्ती बघायची, धागा जोडायचा, माग चालू! "मशीन रुकती है तो बताती है, बेटा," काका मला सांगायचे. मग एका सकाळी अख्खी मिलच थांबली. गेटवर नोटीस लागली, तिच्यातून कोणाला काही कळलं नाही. तेव्हापासून काका दिसेल त्याला विचारायचे, "आमच्या खात्यातून काय चुकलं असेल?" लोक म्हणायचे, उदारीकरण आलंय. काका म्हणायचे, "आलं तर आलं भिया, पण धागा कुठला तुटला?"

मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि फावल्या वेळात एक गेम बनवत होते. दहा खोल्या, दहा दारं, प्रत्येक दाराला एक कोडं. आपल्या हुशारीचा मला भारी अभिमान. पहिला खेळाडू म्हणून काकांना बसवलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कीबोर्डवर फुंकर मारली आणि स्क्रीनवरच्या पहिल्याच खोलीत भिंतीवरची चुकीची कळ ओढली. गेम ओव्हर.

"बस? खतम? पहले गलती दाखवा!"

"ओळखायचं असतं, काका. अवघड ठेवलंय."

"अवघड नाही, आडमुठं ठेवलंय! अडला तर अडू दे, पण का अडला ते त्याला दिसलं पाहिजे. आणि सगळं बरोबर करूनही अडला, तर गलती खेळणाऱ्याची नाही, बनवणाऱ्याची. कान पकड!"

मी खरोखर कान पकडले. मग आठवडाभर, मिल गेल्यावर धरलेलं पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमधलं काम आटोपून काका रोज दुपारी हजर. खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. कुलूप आधी दाखव, किल्ली मागून, म्हणजे किल्ली दिसताच माणूस नाचेल. पहिल्या खोलीत शिकवलंस तेच चौथीत उलटं करून विचार. आणि चुकीची कळ ओढली की तिच्यावरची पत्ती पडू दे. मी निमूटपणे सगळं केलं, आणि गेम एकदम जिवंत झाला.

दहावं दार उघडलं तेव्हा काका फिरत्या खुर्चीसकट तीनदा गरागरा फिरले. अख्ख्या क्लासने टाळ्या पिटल्या. फी घेणाऱ्या बाई काउंटर सोडून "आता मी, आता मी" करत धावल्या.

सगळे पांगल्यावर बघते, तर काका पुन्हा पहिल्या खोलीत. मुद्दाम चुकीची कळ ओढत होते. पत्ती पडायची, काका मान डोलवायचे.

"बेटा, अजून एक खोली बनवशील? सगळं बरोबर केलं तरी दार उघडत नाही, अशी."

"अशी कशाला, काका?"

"छब्बीस साल एकेक पत्ती तपासली. अजूनही डोळे मिटले की तपासतो. वाटतं, एखादी माझ्याकडून राहिली असेल."

इतके दिवस आम्ही सगळे त्यांच्या 'धागा कुठला तुटला'ला हसत होतो.

"काका, तुमचाच नियम आहे. सगळं बरोबर करूनही दार बंद राहिलं, तर गलती खेळणाऱ्याची नाही."

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"परत एकदा बोल," ते म्हणाले.