फाटकाबाहेरची तपासणी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या हेडक्लार्कनी सकाळी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. राष्ट्रीय सायबर सुरक्षेचे नियम कार्यालय किती पाळतं, याची आज शंभर गुणांची तपासणी होती. गेल्या वर्षी नऊ पडले होते. तेव्हाच्या तपासनिसाने गोड हसून पासवर्ड विचारला आणि यांनी तो सांगितला. नीट ऐकू आला नसेल म्हणून पुन्हा सावकाश सांगितला. यंदा नापास झालो तर अकरा वर्षं जिवापाड जपलेला संगणक कक्ष हातचा जाणार, असं बड्या साहेबांनी बजावलं होतं. हेडक्लार्कनी महिनाभर नियमांची पुस्तिका घोकली होती.

साडेदहाला यंदाच्या नव्या तपासनीस बाई आल्या.

"हे माझं ओळखपत्र."

"कार्ड काय, कुणीही छापतं, बाई."

"पत्र पाठवलंय की आम्ही!"

"नुसत्या पत्रावर विसंबायचं नाही. नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री करायची. नियम चौदा."

"मग करा ना!"

त्यांनी केला. तो नंबर बाईंच्याच टेबलावरचा निघाला. तिकडे घंटा वाजत राहिली आणि उचलणारी इकडे उन्हात उभी.

"कुणी उचलत नाही हो," हेडक्लार्क मनापासून हळहळले.

चिडलेल्या बाईंनी बड्या साहेबांना घरी फोन लावला. लगेच कार्यालयातला फोन खणखणला.

"अरे, आत घे त्यांना! ताबडतोब!"

"ताबडतोब म्हणणाऱ्यापासून सावध राहायचं, साहेब. नियम एकवीस. हल्ली आवाजाचीही नक्कल होते. म्हणजे, तुम्ही साहेब असाल तर."

साहेब तणतणत स्वतःच आले. गडबडीत कार्ड घरी राहिलं होतं.

"मला ओळखत नाहीस?"

"मी ओळखतो. पण कार्डाशिवाय प्रवेश नाही. नियम दोन. फाटकावरच्या या सूचनेखाली सही तुमचीच आहे." हेडक्लार्कनी खिशातली किल्ली घट्ट धरली. "बरं, या बाईंना तुम्ही ओळखता?"

"छे! आजच बघतोय," साहेब खरं बोलून गेले.

बाईंनी फाटकावर वही टेकवली. "पंचाहत्तर कार्यालयं पाहिली मी. मला अडवणारं हे पहिलंच. शंभरपैकी शंभर!" त्यांनी आकडा लिहून दाखवला.

हेडक्लार्कचे डोळे भरून आले. कक्ष वाचला! त्यांनी धांदलीत कुलूप काढून फाटक सताड उघडलं. "या बाई, आधी सावलीत या!"

बाई आत आल्या आणि थांबल्या. "माझी खात्री कधी पटली तुम्हाला?"

"अहो, तुम्ही शंभर गुण दिलेत! खोटी बाई कशाला देईल?"

"तीच तर देईल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शंभरातली दोन्ही शून्यं खोडली.

तेवढ्यात हेडक्लार्कना मागून साहेब पाऊल आत टाकताना दिसले आणि उरलेला एक गुण तरी वाचवायचा म्हणून त्यांनी झेप घेतली.

"साहेब, कार्ड!" म्हणत त्यांनी फाटक लावून घेतलं.