यंदाचं ठिगळ

शनिवारी सकाळी मला बायकोला मदत करायची हुक्की आली. चूक एवढीच. बाकी सगळं आपोआप घडत गेलं.

तर आमची बायको गाइड कॅप्टन आहे, म्हणजे स्काउट-गाइडमधल्या मुलींची. एरवी ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते, पण उन्हाळा आला की गळ्यात स्कार्फ, स्कार्फवर शिट्टी, आणि पंचवीसेक मुली घेऊन चालली जंगलात. यंदा पहिल्यांदाच अख्खा कॅम्प तिच्यावर सोपवला होता. त्यात ज्यांनी हा कॅम्प सुरू केला त्या मोठ्या ताई स्वतः येणार होत्या. त्यांचं नाव काढलं तरी बायकोची पाठ ताठ होते. (माझं काढलं की ती आडवी होते.)

आणि त्या कॅम्पचं एक ब्लँकेट आहे. लोकरीचं, जाडजूड, पहिल्या कॅम्पपासूनचं. ज्या कॅप्टनचा कॅम्प, तिच्या घरी ते आधी येतं. पहिल्या दिवशी सगळ्यात लहान मुलगी हमखास रडत असते, तिला त्यात गुंडाळायचं आणि त्यावरची ठिगळं दाखवत कॅम्पचा इतिहास सांगायचा. ठिगळ दरवर्षी एक, मुलींनीच शिवलेलं, आणि त्यावर त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या फजितीचं चित्र. तंबू उडाला, त्याचा तंबू. गाढवाने सगळ्यांचे पाव खाल्ले, त्याचं गाढव. एकावर नुसतं काळंकुट्ट पातेलं आहे. ते मोठ्या ताईंच्या स्वयंपाकाचं, त्यावर कोणी बोलत नाही.

तर त्या ब्लँकेटला धुराचा वास येत होता. बायको सामान आणायला गेली होती. मी म्हटलं, बिचारी किती धावपळ करते, आपण एवढं धुऊन टाकू. मशीनमध्ये बसेना, तर गुडघ्याने कोंबलं. पाणी कडक गरम. पावडर दुप्पट. (मी मनाने मोठा आहे.)

मशीनमधून बाहेर आला तो टॉवेल. लोकर आटली होती, ठिगळं मात्र होती तेवढीच, त्यामुळे ती फुगून वर आलेली. ब्लँकेटला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं.

मी पळत खालच्या लाँड्रीत गेलो. लाँड्रीवाल्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"छान आहे. बाळ किती महिन्यांचं?"

"बाळ नाहीये. हे ताणून मोठं करता येईल का?"

"बाळ होईपर्यंत थांबा ना, मग पुरेल."

वर आलो तर बायको परत आलेली.

"अरे, हातात काय आहे ते?"

"तुझं ब्लँकेट."

"आणि बाकीचं?"

"एवढंच आहे."

ती ओरडलीच नाही. संकटात शांत राहायचं गाइडमध्ये शिकवतात म्हणे. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ते मांडीवर घेऊन ती नुसती बसली. मग म्हणाली, "मी सगळ्यात लहान होते ना, तेव्हा मला गुंडाळलं होतं यात. त्यानंतर घरी जायचं नाव काढलं नाही मी." आणि त्याची घडी घालत, "उद्या ताईंना तू सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी कॅम्पवर गेलो; उद्घाटनापुरतं घरच्यांना आत घेतात. मोठ्या ताईंनी हात पुढे केला. गाइडमध्ये डावा हात देतात, मी उजवा दिला, मग डावा, मग गोंधळून नमस्कारच केला.

"मी ब्लँकेट धुतलं," मी म्हणालो.

"गरम पाण्यात?"

"हो."

"मशीनमध्ये?"

"हो."

बायकोची पाठ इतकी ताठ की तिच्यावर झेंडा लावता आला असता. ताईंनी ब्लँकेट हातात घेतलं, शेजारी एक चिमुरडी बॅगेला मिठी मारून हुंदके देत होती, तिच्या खांद्यांवर टाकलं. बरोब्बर बसलं.

"दरवर्षी पोरगी आत हरवायची," ताई म्हणाल्या. "यंदा तोंड तरी दिसतंय."

चिमुरडीने नाक पुसलं आणि एका ठिगळात बोट खुपसलं. "हे गाढव का सुजलंय?"

"या काकांनी त्याला आंघोळ घातली."

ती खुदकन हसली. बायकोची पाठ सैल झालेली मी लांबून पाहिली. (काका म्हटलेलं मी सोडून दिलं. मी फक्त अठ्ठावीस वर्षांचा आहे.)

कॅम्प संपवून बायको परत आली ती हसतच. सगळ्या मुली धडधाकट, आणि चिमुरडी निघताना पुन्हा रडली, या वेळी घरी जायचं नाही म्हणून. बायकोने ब्लँकेट माझ्यापुढे पसरलं. नवीन ठिगळावर वॉशिंग मशीन, आणि त्याच्या गोल काचेतून डोकावणारं एक चष्मेवालं तोंड. हुबेहूब मी. मुलींच्या कॅम्पच्या इतिहासात जाणारा पहिला पुरुष. खरं सांगतो, डोळे भरून आले.

"पण मला गाढवाच्या शेजारी का शिवलंय?" मी विचारलं.

"ताईंनीच सांगितलं," बायको म्हणाली. "म्हणाल्या, मुलींना गोष्ट सांगताना एका विषयाचं एकत्र असलेलं बरं पडतं."