निकाली निघालेली गाणी

परवानगीच्या अर्जात समता सरकटेची एकच चूक झाली. तिनं तो पूर्ण भरला.

गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगायला गावाची हरकत नाही, नगरपालिकेच्या कार्यालयाची आहे. समता तिथं मेडिकलच्या दुकानात दिवसभर हलक्या आवाजात "जेवणानंतर, कोमट पाण्यासोबत" असं सांगायची आणि संध्याकाळी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये 'मढं' नावाच्या बँडसाठी पोटातून गुरगुरायची. या संगीताला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. त्यात ड्रम उधळलेला असतो, गिटार करवतीसारखी चालते आणि गायिकेचा शब्द कळलाच तर तो तिचा दोष मानतात. आई बेबीताईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोरीला हळदीचं दूध दिलं होतं.

चार वर्षांच्या खटपटीनंतर 'मढं'चा आठ गाण्यांचा पहिला आल्बम इंटरनेटवर आला. आता त्याचा कार्यक्रम गावात करायचा होता, आणि तोही महिना संपायच्या आत. कारण ड्रमर हर्षल एक तारखेला सुरतेच्या कारखान्यात रुजू होणार होता. ड्रमरशिवाय मेटल म्हणजे नुसतं भांडण.

अर्जात एक रकाना होता : 'सादर होणाऱ्या गाण्यांचा आशय'. बाकीचे लोक तिथं 'सांस्कृतिक' लिहून मोकळे होतात. समतानं आठही गाणी सुवाच्य अक्षरात उतरवून जोडली.

आवक-जावक टेबलावरच्या इंद्रभानजींनी चष्मा वर करून पहिलं गाणं वाचलं. 'नळातून येते कुजलेली रात, अळ्या वळवळती ओंजळीत...'

"बाई, हे तं तक्रार हाय."

"गाणं हाय, काका."

"गाण्याचा शिक्का नाही आमच्यापाशी. तक्रारीचा हाय."

आणि त्यांनी तो मारला. आठ वेळा.

चौथ्या दिवशी पाणीपुरवठ्याची दोन माणसं नमुन्याच्या बाटल्या घेऊन दारात उभी. गाण्यातल्या अळ्या कोणत्या नळाच्या, अशी त्यांनी चौकशी केली. बेबीताई याच पाण्यासाठी अकरा वर्षं अर्ज करत होत्या. त्यांनी नळ दाखवला, ओंजळ दाखवली आणि विचारलं, "आतापर्यंत काऊन नाही आले रे बाप्पा?"

"मावशी, तुमच्या अर्जात 'पिवळसर' लिहेल होतं. इथं 'कुजलेली रात' हाय. वरतून विचारणा झाली, रात नेमकी किती वाजताची?"

दोन दिवसांत पाइप बदलला. गल्लीत काचेसारखं पाणी आलं. बेबीताईंनी हंडा भरताना लेकीकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं तिच्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. समताला भरून आलं. संध्याकाळी पत्र आलं :

'विषयांकित गाण्यातील अळ्यांचे निराकरण झाले असल्याने सदर गाणे निकाली काढण्यात येत आहे. यापुढे ते गायल्यास खोटी माहिती प्रसृत केल्याचे समजण्यात येईल.'

मग कार्यालयाला वेगच आला. 'अनंत अंधार' या गाण्यासाठी समताच्या दारात खांब उभा राहिला. त्याचा दिवा दिवसाही जळत असल्यानं अंधाराला दोन्हीकडून वाव उरला नाही. 'रक्ताचा पाऊस' पर्जन्यमापकावर तपासून 'निरंक' ठरवण्यात आला. 'मेलेले उठतील' हे गाणं जन्म-मृत्यू नोंदणीकडं गेलं. उठणाऱ्यांनी उठण्यापूर्वी मृत्यूचा दाखला रद्द करून घ्यावा, सोबत दोन साक्षीदार आणावेत, शक्यतो जिवंत, असं तिथून कळवण्यात आलं. सव्वीस तारखेपर्यंत सात गाणी निकाली निघाली. कार्यक्रमाला परवानगी नाकारावी असा शेरा तयार झाला. कारण गाण्यांत तथ्यच उरलं नव्हतं.

"म्हणजे आपण चार वर्षं झक मारली," हर्षल शेडमध्ये काठ्या बॅगेत भरत म्हणाला. "जिल्ह्यातले सारे प्रश्न सुटले, अन् आपण बेकार झालो."

समता रात्रभर तळमळली नाही. तिला सकाळी दुकान उघडायचं होतं. पण दुपारच्या सुट्टीत ती तडक इंद्रभानजींपुढं जाऊन उभी राहिली.

"काका, आठव्या गाण्याचं काय झालं?"

इंद्रभानजींनी इकडंतिकडं पाहिलं. आठवं गाणं होतं, 'खुर्चीवर बसलं बिनकानाचं धूड'. फाईल प्रत्येक साहेबाच्या टेबलावर जाऊन आली होती. प्रत्येकानं ती वाचली, खुर्चीत जरा सावरून बसला आणि 'या विभागाशी संबंधित नाही' असं लिहून पुढं ढकलली.

"ते निकाली निघत नाही," इंद्रभानजी हळूच म्हणाले. "ज्यानं सही केली, धूड त्याचंच झालं."

"मंग ते प्रलंबित हाय. प्रलंबित गाणं म्हणता येते ना?"

नियमात मनाई सापडेना. एका गाण्याला परवानगी मिळाली. एकोणतीस तारीख, रविवार, दुपारी चार ते चार दहा.

जळगाव जामोदहून बसनं येणारी काळ्या टी-शर्टांतली पाच-सहा पोरं समतानं गृहीत धरली होती. ती आलीच, पण त्यांच्यामागं अख्खं सभागृह गच्च भरलं होतं. धोतरं, टोप्या, पदर, सगळा गाव लोटला होता. हर्षलनं काठ्या आपटल्या आणि समता पोटाच्या तळातून गर्जली. नऊ मिनिटं तिला अर्ज, शिक्का, सुरत, काही आठवलं नाही. शेवटचा सूर भिंतींवर आपटून विरला तेव्हा तिचे डोळे ओले होते.

काळे टी-शर्ट बेभान ओरडले. बाकीचे शांतपणे उठले आणि मंचासमोर रांगेत उभे राहिले. सगळ्यांत पुढं निवृत्त मास्तर भगवंतराव. शेडमधल्या गोंगाटाविरुद्ध तीनदा अर्ज करणारे.

"पोरी, झकास! आता आमच्या गल्लीचा नाला घे गाण्यात. मुद्दे लिहून आणले."

"पण काका, गाणं कसं वाटलं?"

"गाण्याचं तुले समजते. आमाले आवक क्रमांक दे फक्त."

हर्षल सुरतेला गेला. समता आता दुकान बंद करून दुसऱ्या आल्बमसाठी आलेले कागद गल्लीवार लावते. पहिला आल्बम आजवर एकवीस जणांनी ऐकलाय; अर्ज तीनशे बारा आलेत. वाचकहो, आपलाही त्यात आहे. खड्ड्याचं वर्णन उत्तम, यमकही जुळतं. फक्त वॉर्ड क्रमांक लिहायचा राहिलाय, तेवढा कळवावा. एकवीस जणांत आपण नाही, हे तिनं पाहून ठेवलंय.