गोमातात्याचं हूं

समोर कोणी बोलत नसलं तरी गोमातात्या दर चार-पाच दमांनी "हूं" म्हणायचा. जेवताना घास गिळून हूं, बांधावरून चालताना हूं. मयताला खांदा दिलेला असताना पण हूं. नवखा माणूस दचकून मागे बघायचा, की बोललं कोण?

मी चौथीतून शाळा सोडली, पण अडाणी नाही. चौक गावाच्या अलीकडे माझी भातगिरणी होती आणि तिचं इंजिन मी स्वतः खोलून परत जोडायचो. मेकॅनिकला दारात उभा केला नाही. माझा स्वभाव गावाला ठाऊक होता. कोणी काही बोललं की माझं पहिलं उत्तर 'नाय'. लग्नात भटजींनी विचारलं, मुलगी पसंत ना? मी म्हटलं, नाय म्हणून आता परत कुठं जाऊ? बायको अजून ते काढते. अशा माणसाच्या गिरणीत हा हूंवाला रोज यायचा.

यायचा तो झोपायला. इंजिनाच्या पट्ट्यापासून लांब, कोंड्याच्या पोत्यांवर अंग टाकायचा. इंजिन लागलं, धुराड्यातून पुक, पुक, पुक निघायला लागलं, की हा घोरलाच. तेवढा वेळ त्याचं हूं बंद. इंजिन थांबवलं की डोळे उघडायच्या आधी तोंडातून हूं. रात्री तो झोपत नसे. त्याची बायको होती तोवर दोघं पाळीने जागायची, ती गेल्यावर माझं इंजिनच राहिलं.

एकदा मी विचारलं, हे काय खूळ?

आपल्याकडे गोष्ट ऐकताना हूं म्हणायची रीत आहे. हूं थांबलं की सांगणारा समजतो, ऐकणारे झोपले, आणि गोष्ट आहे तिथं टाकून उठतो. तात्याचं म्हणणं एवढंच, की एक देवी आहे, ती आपल्या सगळ्यांचीच गोष्ट सांगत बसली आहे. डोंगर, नदी, कर्जतची गाडी, माझी गिरणी, सगळं तिच्या तोंडातून निघतंय. ऐकणारा झोपला असं तिला वाटलं, की ती उठणार.

"मंग आपण?" मी विचारलं.

"आपण कंचे रं? सांगणारी उठली की गोष्ट असते व्हय कुठं?"

तिचं नाव विचारलं तर म्हणाला, "नाव ठेवलं की ती गोष्टीत येल. मंग सांगणार कोन?"

तिला देऊळ नाही, नारळ नाही, कोंबडा नाही. आमच्या भगताला याचा फार राग. कोंबडा न खाणारी देवी त्याला धंद्याला वाईट. तो भर पारावर तात्याला म्हणाला, तुझी बया मोठी का आमची गावदेवी? तात्या शांतपणे म्हणाला, "गावदेवीची गोष्ट पन तीच सांगते. आन तुझी पन. तू आता काय बोलनार ते तिनं ठरवलेलं हाय." कौल लावायला घेतलेले तांदूळ भगताने न टाकताच खिशात घातले. त्या दिवसापासून पारावर तात्या बसला की लोक आपलं बोलणं जपून बोलायला लागले.

मला भीती वाटायची नाही. निदान तोवर नाही. एकदा तात्याला भाकरीचा ठसका लागला, हूं चुकलं. श्वास आला तसा तो गिरणीबाहेर धावला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, तिथं फणस व्हता. मी म्हटलं, तिथं कधीच फणस नव्हता.

"तुला कसा आठवल? त्यो सांगायचाच ऱ्हायला," तात्या म्हणाला. मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "तुला पन दोन भाव व्हते, धोंड्या."

मला भाऊ एकच, बाळू. मी घरी गेलो. आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. सहज विचारल्यासारखं विचारलं, आई, तुला पोरगे किती? ती हसली, बोटं मिटायला लागली. तू, बाळू. तिसरं बोट अर्धं मिटलं आणि तिथंच थांबलं. तिने त्या बोटाकडे बघितलं. मग ओला हात झटकावा तसा हात झटकला.

"दोनच की रं," ती म्हणाली.



पुढे गावात वीज आली. मी इंजिन उचकटून बाजूला ठेवलं आणि मोटर बसवली. पंचक्रोशीत पहिली. तात्या आला, पोत्यांवर आडवा झाला, आणि उठून बसला. म्हणाला, ही हूं म्हणत नाय रं, ही एका दमात रडते. इंजिन परत लाव. मी काय म्हटलं असेल ते सांगायला नको.

गणपती जवळ आले तोवर तात्याचे डोळे अर्ध्या पिकल्या करवंदासारखे लाल झाले होते. दोनदा बांधावरून खाचरात पडला. लोक मला म्हणाले, धोंडूशेठ, म्हातारा मरेल. मी म्हटलं, त्याच्या खुळापायी मी मोटर काढू काय? नाय.

आणि एका दुपारी लाईट गेली.

गौरीच्या तांदळासाठी बायका भाताच्या टोपल्या ठेवून गेलेल्या. गिरणीत मी आणि तात्या, दोघंच. मोटर कण्हत कण्हत थांबली आणि असं शांत झालं, की पागोळ्या पण ऐकू येईनात. तात्या भिंतीला टेकला होता. त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं, आवाज नाही. घसा पार बसला होता.

मी दाराबाहेर बघितलं. समोर रोज दिसणारा प्रबळगड नव्हता. म्हटलं, ढग आहेत, श्रावणात असतातच. मग दारापुढची चिंच गेली. मग रस्ता. दाराच्या उंबऱ्यापुढे नुसतं पांढरं. तात्याने माझं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजला.

"ती देवी माझ्या चंद्रीची हाय रं. तिनंच रचलेली."

चंद्री त्याची मुलगी. नऊ वर्षांची असताना तापाने गेली, एवढंच आम्हाला ठाऊक. झोडणीचे दिवस होते. तात्या पहाटेपासून भात झोडून आलेला. ती म्हणाली, बा, मी गोष्ट सांगते, तू हूं म्हण. अंथरुणात पडल्या पडल्या तिने सगळं जग सांगणाऱ्या देवीची गोष्ट लावली. बाप हूं म्हणत बसला.

"मंग माझा डोळा लागला. जाग आली तवा ती गप झालेली." मग तो परत माझ्या कानाशी आला. "तिला वाटलं, बा निजला."

माझ्या हाडातली भीती कमी झाली नाही, हे खरं सांगतो. तीस वर्षं मी कोणाला होकार दिलेला नव्हता. तोंडाला सवय नव्हती. पण मी त्याच्या शेजारी पोत्यावर बसलो आणि म्हटलं, "हूं."

तात्याने माझ्याकडे बघितलं. मी परत म्हटलं. इंजिनाची चाल मला पाठ होती, त्याच चालीवर म्हणत राहिलो. त्याची मान माझ्या खांद्यावर पडली.

दारापुढे रस्ता परत उमटला आणि त्यावरून टोपल्या न्यायला बायका आल्या. सगुणाकाकू म्हणाली, धोंडूशेठ, पोटात दुखतंय काय? मी हूं म्हटलं. एकजण गालात हसली, आणि निजलेल्या म्हाताऱ्याला बघून सगळ्या हळूच मागे फिरल्या. लाईट आली. मी मोटरला हात लावला नाही.

दिवेलागणीला तात्याने डोळे उघडले. आधी माझं हूं ऐकलं. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "काय म्हनली रं ती?"

तोवर मी कधी गोष्ट सांगितलेली नव्हती. खोटं तर नाहीच.

"म्हनली," मी म्हटलं, "दमलाय बा माझा. निजू दे त्याला."

तात्या बराच वेळ कोंड्यात बोटं फिरवत राहिला. मग कुशीवर वळला आणि परत झोपला.

बाहेर अजून प्रबळगड दिसत नव्हता. मी हूं म्हणायचं थांबवलं नाही.