प्रतिसाद : दीड

वैष्णवी बोरस्तेला सोमवारी सकाळी तिच्या विभागप्रमुख दीपमाला मॅडमनी चहाबरोबर एक काम दिलं, तेव्हा ते इतकं निरुपद्रवी वाटलं की तिने शांतपणे बिस्किटही संपवलं. अंबडच्या त्यांच्या कारखान्यातले सगळे संगणक मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या एका अवाढव्य मेनफ्रेम संगणकाला जोडलेले होते. शेजारच्या गोदामात बेअरिंग किती शिल्लक आहेत हे विचारायचं असलं, तरी प्रश्न आधी मुंबईला जायचा आणि उत्तर तिथून यायचं. कंपनीला ही पद्धत फार प्रिय होती. आता मुख्य कार्यालयाला हवा होता इतिहास. गेल्या पस्तीस वर्षांत हे उत्तर किती वेळात येत गेलं, त्याचा आलेख शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता.

वैष्णवीचं प्रोबेशन महिनाअखेरीला संपत होतं. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते या अहवालावर ठरणार होतं. त्यात तिच्या आईने, पोरगी कायम होणारच आहे तर उगाच थांबायचं कशाला, म्हणून सगळ्या सोसायटीत पेढे आधीच वाटून टाकले होते.

दोन दिवस शोधूनही इतिहास काही सापडेना. शेवटी रेकॉर्ड रूमच्या वरच्या फळीवर अकरा नोंदवह्या मिळाल्या. पुंजाराम पिंगळे नावाच्या निवृत्त ऑपरेटरने १९९० पासून रोज तीनदा एंटर दाबून, उत्तर यायला लागलेला वेळ त्यांत लिहून ठेवला होता. लाल शाईचा समास, मोत्यासारखं अक्षर आणि पुढे 'प्रतिसाद : दीड'. पावसाळ्यात टेलिफोनच्या तारेत पाणी गेलं की 'चार'. छपरावर उपग्रहाची छत्री बसली तेव्हा 'एक'. कशाचे दीड आणि कशाचे चार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण संगणकाचा वेळ सेकंदात मोजतात हे शेंबडं पोरही सांगेल, आणि वैष्णवी तर इंजिनिअर होती.

आजचा वेळ तिने स्वतः मोबाइलवर मोजला. चार सेकंद. आलेख काढला, रंग भरले आणि गुरुवारीच पाठवून दिला. १९९० साली दीड सेकंद, आज चार. रेषा दिमाखात वर चढत गेली होती. या आलेखात वर चढणं म्हणजे खड्ड्यात जाणं, हे तिच्या लक्षात येईपर्यंत मुख्य कार्यालयाच्या लक्षात आलं होतं.

शुक्रवारी सकाळी संचालकांचा फोन आला. टेलिफोनच्या तारेवर जे दीड सेकंदात होत होतं, ते कोट्यवधींच्या फायबरवर चार सेकंदांत का होतं, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. दीपमाला मॅडमचं धाबं दणाणलं. फायबरवाल्या कंपनीची माणसं बोलावली गेली, त्यांना तासभर उभं करून झापलं गेलं, आणि बिचारे माफी मागून गेले. दुपारी हुकूम आला की जुना मोडेम शोधून परत जोडा. तो कधीच भंगारात गेलेला. दोन माणसं द्वारका चौकातल्या भंगारवाल्यांकडे धाडली, ती संध्याकाळी मोठ्या विजयाने एक लोखंडी खोकं घेऊन आली. ते कुणाच्या तरी फ्रिजचं स्टॅबिलायझर निघालं.

शनिवारी तर कहर झाला. सोमवारी फायबरची लाइन काढून टाकायची, असं पत्रच आलं. जाताजाता त्यात लिहिलं होतं की पूर्वीचे ऑपरेटर काय करत होते, ते त्यांच्याकडून समजून घ्यावं. वैष्णवीने स्कूटी काढली आणि पेठ रोडला पुंजानानांचा मळा गाठला.

नाना शेवंतीच्या वाफ्याच्या कडेला बसले होते. भागीबाई, त्यांची बायको, फुलं तोडत होत्या. आपल्या वह्या कुणीतरी वाचल्या हे ऐकून नानांचा चेहरा असा फुलला की वैष्णवीला पुढचं विचारायचं जिवावर आलं. पण सोमवार समोर उभा होता.

"नाना, दीड सेकंदात उत्तर कसं आणायचात तुम्ही?"

"सेकंद?" नाना म्हणाले. "सेकंदाचा काटा होता कुणाकडं? घड्याळ साहेबाच्या केबिनात. मला माझ्या मळण्यानं मोजावं लागायचं."

"कसलं मळणं?"

नानांनी खिशातून डबी काढली. एंटर दाबायचं, तंबाखू हातावर घ्यायची, चुना लावायचा, मळायचं, तीनदा थापटायचं आणि ओठात टाकायचं, की झालं एक. त्यानंतरही उत्तर आलं नाही तर दुसरी घ्यायची. पावसाळ्यात चार-चार व्हायच्या.

"लय त्रास व्हायचा पावसाळ्यात," नाना म्हणाले. भागीबाईंनी मान न उचलता सांगितलं, की त्रास घरच्यांना व्हायचा.

वैष्णवीने कपाळाला हात लावला. मग तोच हात खाली घेऊन मोबाइल काढला आणि नानांना एकदा मळून दाखवायला सांगितलं. बावन्न सेकंद. म्हणजे दीड म्हणजे अठ्ठ्याहत्तर. आजच्या चार सेकंदांपुढे ते दिवस अक्षरशः रडत होते, आणि इकडे फायबर उपटायला निघाले होते.

मॅडमचं म्हणणं पडलं की गप्प बसावं. तंबाखूवर कारखान्यात बंदी, आणि पस्तीस वर्षांचा इतिहास त्याच तंबाखूवर उभा आहे असं लिहून पाठवलं तर प्रोबेशनवाली तर जाईलच, मॅडमही जातील. वैष्णवीला सोसायटीतले पेढे आठवून रडू येत होतं. पण चांगली चाललेली लाइन आपल्या चुकीमुळे कापली जावी, हे तिला सहन होईना. रविवारी तिने सगळं खरं लिहून पाठवलं. एककाच्या रकान्यात तिने 'तंबाखू मळणे, एक वेळ' असं लिहिलं आणि फोन बंद करून पडून राहिली.

सोमवारी लाइन कुणी कापली नाही. ओरडाही झाला नाही. मुख्य कार्यालयाच्या गुणवत्ता विभागाने फक्त एक प्रश्न विचारला होता. मोजण्याचं साधन अद्याप उपलब्ध आहे का? मोजण्याची पद्धत मध्येच बदलली तर तुलना ग्राह्य धरता येत नाही, असं त्यांच्या नियमात होतं. तेव्हा आजचा वेळही त्याच साधनाने मोजावा.

गुरुवारी साधन रिक्षाने आलं. गेटवर वॉचमनने डबी अडवली. दीपमाला मॅडमना स्वतः खाली येऊन, ही डबी मोजमापाच्या उपकरणांत मोडते, असं सहीनिशी लिहून द्यावं लागलं. कारखान्यात प्रत्येक मोजपट्टीवर तपासणीचा हिरवा कागद चिकटवलेला असतो, तसा डबीवरही लागला. मग पडद्यावर संचालक, खुर्चीवर नाना, आणि वैष्णवीने एंटर दाबलं. नानांनी डबीचं झाकण उघडलं, तेवढ्यात उत्तर आलं. मशीन बिघडलंय का, असं त्यांनी हळूच विचारून घेतलं. मग वही पुढे ओढून, जुन्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'प्रतिसाद : शून्य'.

संचालकांनी टाळ्या वाजवल्या. दीडवरून शून्य. अशी प्रगती कंपनीच्या एकाही कारखान्याने केली नव्हती. संध्याकाळी वैष्णवीच्या हातात पत्र पडलं आणि ते तिने नानांनाच आधी वाचून दाखवलं. अभिनंदन होतं, कौतुक होतं. पुढच्या तिमाहीत या आकड्यात आणखी दहा टक्के घट दाखवल्यावर तिला सेवेत कायम करण्यात येईल, असंही होतं.

शून्याचे दहा टक्के शून्यच होतात, हे सांगायला तिने मुंबईला फोन केला. तिकडच्या गृहस्थांनी ते मान्य केलं, पण आलेखातली रेषा खाली आलेली दिसली पाहिजे, असं सांगितलं. वैष्णवीने फोन ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाना, शून्याच्या खाली कसं जायचं हो? उत्तर काय तुम्ही मळायच्या आधी येणार?"

नानांनी डबी पुढे ओढली.

"त्यात काय एवढं, ताई. तुम्ही एंटर दाबा. उत्तर येऊ द्या. मग मी डबी उघडतो."

वैष्णवीने त्यांच्याकडे बघितलं, मग वहीकडे बघितलं. दार लावून घेतलं आणि एंटर दाबलं. चार सेकंदांनी उत्तर आलं. त्यानंतर नानांनी अगदी सावकाश, एकही टप्पा न चुकवता, पूर्ण एक तंबाखू मळली.

"लिहू?" तिने विचारलं.

"लिहा की. उणे एक."

तिमाही संपताच ती कायम झाली, आणि आईला पेढे पुन्हा वाटावे लागले.