मास्तरांची कवळी

गाडी दहा मिनिटांत दारात येणार होती आणि मास्तरांची कवळी अजून मळकटच होती.

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी शाळेला आपल्या रसायनशास्त्राच्या मास्तरांची आठवण झाली होती, तीही विज्ञान प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे म्हणून! पंधरा दिवस खपून त्यांनी सात पानी भाषण लिहिले होते. सुनेला ते तीनदा वाचून दाखवले होते आणि त्यात तिला दोनदा डुलकी लागली होती. या गडबडीत कवळी धुवायचीच राहून गेली.

"बाबा, कोमट पाण्यात एक गोळी टाकून पंधरा मिनिटं थांबा, असं लिहिलंय पाकिटावर," सून म्हणाली.

"ते सामान्य माणसांसाठी," मास्तर बोळक्या तोंडाने म्हणाले. "अख्खी गोळी नुसती बाहेरून विरघळते. भुकटी केली की पाणी सगळ्या बाजूंनी भिडतं. चौतीस वर्षं शिकवलंय मी हे. आण तो खलबत्ता!"

एक गोळी कुटली. वेळ कमी म्हणून आणखी तीन कुटल्या. कोमट पाणी कशाला, म्हणून कढत घेतले. एवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले? फेस उतू जाऊ नये म्हणून त्यांनी कवळीच्या डबीचे झाकण घट्ट लावले आणि उजेडात नीट दिसावे म्हणून ती खिडकीत ठेवली.

"बाबा, झाकण..."

"आधी निरीक्षण. शंका मागाहून."

निरीक्षण जेमतेम चार सेकंद चालले. फाट्‌कन झाकण उडाले, फेस मास्तरांच्या चष्म्यावर आला, ते दचकले आणि त्यांच्या हाताच्या फटक्याने डबी खिडकीबाहेर गेली.

सुनेने वाकून पाहिले. खालचे बिऱ्हाड आजच घर सोडत होते. टेम्पोत सगळ्यात वर गादी होती आणि गादीवर मास्तरांचे दात हसत पडले होते. टेम्पो सुरू झाला.

"अहो, थांबा! आमचे दात!" ती ओरडली. खालच्या काकूंनी गहिवरून हात हलवला.

तेवढ्यात शाळेच्या गाडीचा भोंगा वाजला. सात पाने मांडीवर घेऊन मास्तर मटकन खाली बसले.

"मी नाही जात. पोरं हसतील गं मला." त्यांचे डोळे भरून आले होते. सुनेला फार वाईट वाटले. मग तिने पाकीट पाहिले. सहा गोळ्या उरल्या होत्या.

"भाषण राहू द्या, बाबा. आत्ता जे केलंत तेच तिथे करा. फक्त झाकण लावू नका."

व्यासपीठावर मास्तर ओठ मिटून उभे राहिले. दोन पेले भरले. एकात अख्खी गोळी टाकली, ती निवांत बुडबुडे सोडत बसली. दुसऱ्यात तशाच एका गोळीची भुकटी टाकली. क्षणात फेस पेल्याबाहेर आला आणि टेबलावरून थेट मुख्याध्यापिकाबाईंच्या चपलांवर ओघळला. सभागृह डोक्यावर घेत पोरे ओरडली, "पुन्हा! पुन्हा!" गोळ्या संपेपर्यंत मास्तरांची सुटका झाली नाही.

मुख्याध्यापिकाबाई त्यांचीच विद्यार्थिनी. ओल्या चपलांनी येऊन त्या पाया पडल्या. "सर, हा धडा तुम्ही आम्हाला आठवडाभर शिकवला होता. मला आज समजला!"

मास्तर मिटल्या ओठांनीच हसले.

संध्याकाळी खालच्या काकू कवळी रुमालात बांधून घेऊन आल्या. पाठोपाठ शाळेचा फोन आला, की पुढच्या वर्षीही सरांनीच यायचे. मास्तरांनी घाईघाईने कवळी बसवली आणि सात पाने शोधून काढली.

"बरं झालं! भाषण वाया नाही गेलं. पुढच्या वर्षी वाचीन."

"जरूर वाचा, बाबा," सून म्हणाली. "फक्त त्या दिवशी कवळी मी धुवून देईन."